गोळ्यांचा खाडा

साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी दंतचिकित्सक आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडचे ऊसतोड कामगार आमच्या ओपीडीत येऊ लागतात, तेही दुखणं अंगावर काढून, अगदी सोसवेनासं झाल्यावर. त्या मावशीही तशाच आल्या. वय चाळिशीचं, तोंडावर पदर घट्ट धरलेला, मागे भाऊ उभा. ‘मॅडम, समदे दात काढा, पन लवकर. मुकादम खाडा धरतो.’

पदर बाजूला झाला तेव्हा वासानेच शंका आली. खालच्या पुढच्या दातांमधली हिरडीची टोकं कुरतडल्यासारखी नाहीशी झाली होती. वर करडा थर, आणि कापसाने नुसतं टिपलं तरी रक्त. हिरड्यांचा नेहमीचा आजार वर्षानुवर्षं रेंगाळतो आणि फारसा दुखत नाही. इथे काही आठवड्यांतच हिरडी सडली होती, भाकरीचा घास चावता येत नव्हता. तंबाखूची मिश्री, अर्धपोटी राबणं, अपुरी झोप यांचाही यात हात असतोच. पण हिरडी इतक्या झपाट्याने मरते तेव्हा प्रतिकारशक्ती ढासळली आहे का, हे पाहावंच लागतं, आणि एचआयव्हीबद्दल विचारावंच लागतं.

भावाला केसपेपरच्या रांगेत पाठवून दार लोटलं. ‘मावशी, कसल्या गोळ्या चालू होत्या का?’

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘व्हत्या. मालक वारले तवापासून. जिल्ह्याला मिळत्यात. हिकडं येताना आनल्या त्या संपल्या.’ संपण्याआधीही कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, सगळ्यांदेखत डबी उघडायची पंचाईत, म्हणून कित्येक रात्री गोळी चुकली होती. भावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्याकडे येण्याआधी एका खाजगी दवाखान्यात त्यांनी विश्वासाने खरं सांगितलं, तर त्यांना तिथून परत पाठवलं.

याचा मला आजही संताप येतो. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं २०१७ च्या कायद्याने बेकायदा आहे. आणि वेगळं लागतं तरी काय? हातमोजे, मास्क, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक केलेली हत्यारं प्रत्येक रुग्णासाठी वापरायचीच असतात.

भूल देऊन मेलेला थर हलक्या हाताने काढला, पोव्हिडोन आयोडिनने जखम धुतली. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि क्लोरहेक्सिडिनच्या चुळा लिहून दिल्या, मिश्री बंद करायला सांगितली. दात एकही काढला नाही. पण खरा उपचार माझ्या खुर्चीत होणारा नव्हता. त्यांची परवानगी घेऊन जवळच्या एआरटी केंद्राला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राला, फोन लावला. नोंदणी दुसऱ्या जिल्ह्यात असली तरी कामासाठी आलेल्या रुग्णाला तिथे मोफत गोळ्या मिळण्याची सोय असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रक्तातल्या, प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी-४ पेशी दर घन मिलिमीटरला २०० च्या खाली निघाल्या. हिरड्यांचं असं सडणं बहुधा त्याच पातळीला दिसतं. क्षयाची तपासणीही तिथेच झाली.

पुढच्या खेपेला त्या भाकरी खाऊन आल्या होत्या. दातांमधल्या फटी भरतील का, असं त्यांनी विचारलं. गेलेली हिरडी आणि हाड पूर्ववत होत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. दात मात्र घट्ट होते, आणि गोळ्या चुकल्या नाहीत, तोंड स्वच्छ राहिलं तर ते टिकतील, हेही सांगितलं. पहाटे पाण्याला जाताना त्या एकट्या असतात. एआरटी केंद्राच्या समुपदेशक ताईंनी गोळीची वेळ रात्रीवरून त्या पहाटेवर आणून दिली.