मीटरच्या लाल दिव्यावर नजर: उन्हाळ्याची नोंद

यंदाचा भर नवीन वस्तू घेण्यावर नाही, असलेल्या वस्तू वीज कुठे खातात ते शोधण्यावर आहे. घर जुळे सोलापुरात, दोन खोल्या, वर थेट स्लॅब.

हत्यार फुकटचंच: मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा. आमच्या मीटरवर 3200 इम्प/केडब्ल्यूएच लिहिलंय, म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. 1125 ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, त्या क्षणीचे वॅट मिळतात. तुमच्या मीटरवर 1600 असेल तर 2250 घ्या. रात्री दिवे-पंखे बंद, फ्रीजचा प्लग काढलेला, आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मी जिन्याखाली. अंतर आलं 30 सेकंद, म्हणजे 37 वॅटच्या वर. घरात काहीच चालू नसताना! असंच चालू राहिलं तर महिन्याला 27 युनिट.

मग एकेक बटण बंद करत गेलो. टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स भिंतीवरूनच बंद केल्यावर अंतर 43 वर गेलं. रिमोटने बंद केलेला बॉक्स झोपत नाही, फक्त डोळे मिटतो. उरलेल्यात राउटर किरकोळ, मोठा वाटा इन्व्हर्टरचा. बॅटरी जुनी झाली की भरल्यावरही ती थोडं थोडं ओढत राहते. पण मे महिन्यात सोलापुरात इन्व्हर्टर बंद ठेवायची माझी तरी छाती नाही. बॅटरी बदलायला आली की बघू.

आईचा राग मात्र मिक्सरवर. शेंगा चटणीला 750 वॅटचा मिक्सर दहा मिनिटं चालवला तरी युनिटचा आठवा भाग. वॅटपेक्षा तास मारतात, हे घरात पटवणं हेच खरं अवघड काम.

तासांचा बादशहा पंखा. जुना 75 वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) 30 च्या आसपास. उन्हाळ्यात सोळा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला 21 युनिट वाचतात. शिवाय वाचलेली युनिटं बिलाच्या वरच्या दरटप्प्यातली: शंभरच्या पुढच्या युनिटचा दर बराच चढा, त्यामुळे बिलातला फरक युनिटच्या मानाने जास्त दिसतो. इन्व्हर्टरवरही पंखा जास्त वेळ टिकतो, हे वर.

कूलरचं गणित इथे वेगळं. एप्रिल-मेची आपली हवा कोरडी, त्यामुळे दीड-दोनशे वॅटमध्ये जे काम होतं त्याला एसी हजाराच्या पुढे घेतो. समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा. पण नळाला पाणी काही दिवसांआड, आणि कूलर बादल्यांनी पाणी पितो. म्हणून दुपारी पंप चालू, रात्री नुसती हवा. जूनमध्ये ढग आले की पंपाचा उपयोग जवळपास संपतो.

स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिलेत. संध्याकाळी छताला हात लावला तर फरक कळतो, पण मीटरवर तो वेगळा काढून दाखवता येत नाही, म्हणून आकडा देत नाही.

पुढचा नंबर फ्रीजचा. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून ओढली तर खालच्या कोपऱ्यात ती अलगद निघते. रबर नवीन बसवून, आधीचं आणि नंतरचं चोवीस तासांचं रीडिंग टाकतो. कुणी जुन्या फ्रीजला रबर बदललं असेल तर किती फरक पडला ते सांगा की राव.