दादाची कावीळ आणि गल्लीतला नळ

शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर जगणारा आमचा दादा ताट बघूनच तोंड फिरवायला लागला. बारीक ताप, मळमळ. आई म्हणाली, पित्त असेल. मग लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली आणि डोळे पिवळे दिसले, तेव्हा दवाखाना गाठला. रक्तात कावीळ दाखवणारं बिलिरुबिन साडेआठ, यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी हजाराच्या वर, दोन्ही फार वाढलेले. डॉक्टरांनी हिपॅटायटिस ए आणि ई, म्हणजे घाण पाण्यातून कावीळ करणारे दोन विषाणू, दोन्हींची आयजीएम तपासणी (ताजी लागण दाखवणारी) लिहून दिली. ई निघाला.

रिपोर्ट बघितल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी गरोदर आहे का?" वहिनीला सातवा सरत होता. एरवी ही कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. पण शेवटच्या तिमाहीत झाली तर यकृत निकामी होण्याचा धोका फार. जागतिक आरोग्य संघटना अशा बायकांमधलं मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत सांगते. हा आकडा मी रात्री वाचला आणि आईला सांगितला नाही.

आईचं एकच, "तिला अक्कलकोटला माहेरी धाडू." डॉक्टर म्हणाले, "धाडा की. पण तिनंही तेच पाणी प्यायलंय." विषाणू पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला दोन ते दहा आठवडे लागतात. एकानं दुसऱ्याला थेट देण्याचं प्रमाण कमी, खरा दोष पाण्याचा. म्हणजे गाव बदललं तरी रक्त तपासत राहायचं. वहिनी गेली, तिथल्या डॉक्टरांकडे तपासण्या सुरू झाल्या, आणि इथे आमचा जीव तिच्या फोनकडे.

दादाला औषध असं काही नव्हतंच. विश्रांती, साधं जेवण, दारू बंद, मनानं पॅरासिटामॉल घ्यायची नाही. बरळायला लागला, गुंगी आली किंवा रक्तस्राव झाला तर थांबायचं नाही, ॲडमिट करायचं. पण कावीळ म्हटलं की अख्खी गल्ली वैद्य होते. कुणी माळ आणली, कुणी नाकात घालायचं औषध. शेजारच्या अक्का रोज संध्याकाळी गाड्यावरचा उसाचा रस घेऊन यायच्या, वरून बर्फ. तो बर्फ कुठल्या पाण्याचा, हे देवाला ठाऊक! अक्कांचं मन मोडवत नव्हतं, रस मात्र मोरीत जायचा.

मग कळलं, आमच्या रांगेतच आणखी दोन घरांत कावीळ. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्यांकडे कुणालाच नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं, चार-पाच दिवसांनी पाळी येते. मधल्या काळात पाइप रिकामा असतो. भोवती गटार आणि पाइपला भोक असेल तर घाण आत ओढली जाते. त्यात पाणी आलं की प्रत्येकजण टिल्लू, म्हणजे नळाला थेट जोडायची छोटी मोटर, लावतो. मोटर काय, पाणीही ओढते नि गटारही. सुरुवातीचं गढूळ पाणी आम्ही सोडून देत होतो, पण त्यानंतरचं स्वच्छ दिसलं म्हणजे विषाणू गेला असं थोडंच आहे?

आरोग्य केंद्रात सांगितलं. पाण्याच्या दिवशी कर्मचारी नळाशीच हजर. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यांनी ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. गल्लीच्या तोंडाशी नळी फिकट पिवळी झाली. आमच्या नळाचं पाणी पांढरं ते पांढरंच. नळी उजेडाकडे धरून आम्ही सगळे बघत होतो. आत शिरलेली घाण क्लोरीन खाऊन टाकते, असं ते म्हणाले.

प्रयोगशाळेतला नमुना मात्र 'पिण्यास योग्य' आला. त्यावर काहीजण उड्या मारायला लागले. पण ती तपासणी जिवाणूंची, काविळीच्या विषाणूची नव्हे. दिल्लीत 1955-56 मध्ये यमुनेच्या पाण्यातून सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली, तेव्हाही वाढवलेल्या क्लोरीननं जिवाणूंना आवरलं, पण विषाणू निसटला. शिवाय दादाच्या पोटात विषाणू गेला तो कितीतरी आठवड्यांपूर्वी. आजच्या बाटलीत तो सापडणार कसा? मी म्हटलं, कागद राहू द्या, पाइप बघा.

गल्लीच्या तोंडाचा नळ आणि आमचा नळ यांच्या मधला भाग उकरला. आमच्या रांगेची जुनी लोखंडी लाइन चक्क गटारातून गेलेली, खालून गंजून चाळण झालेली. वर्गणी काढली, परवानगी घेतली, नवीन पाइप गटाराच्या वरून नेला. टाक्या धुऊन मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध, टाकलं. पुढच्या पाळीला आमची नळी पिवळी झाली.

वहिनीचे रिपोर्ट शेवटपर्यंत चांगले आले, बाळंतपण माहेरीच सुखरूप झालं. दादा मागावर कापड विणायला परत जातो, भाकरीही खातो. घरात पाणी खळखळून उकळल्यावरही मिनिटभर गॅसवर ठेवतो; गॅस लवकर संपतो म्हणून आई कुरकुरते. टिल्लू बंद करायचे की नाही, यावर गल्लीत अजून भांडणं चालू आहेत.