आंबोलीत लागला की

रविवार, रात्रीचे साडेदहा

आत्ताच न्हाऊन बसले. कपडे अजून ओलेच आहेत, दोरीवर टाकण्यात अर्थ नाही. आजचं आजच लिहून ठेवते, कारण असं बाबांना घेऊन पुन्हा कधी जायला मिळेल सांगता येत नाही.

आमचं घर गोव्यात, न्हयबागला, तेरेखोल नदीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणापासून पावसाळ्यात एक वाक्य ऐकत आले आहे. नदीचं पाणी तांबडं होऊन घाटाच्या पायऱ्या चढायला लागलं की बाबा अंगणात उभे राहून म्हणायचे, "आंबोलीत लागला." इथे न्हयबागला तेव्हा ऊनही असायचं कधीकधी. पण आंबोलीत पाऊस लागला की बांद्यात पाणी भरतं आणि मग आमच्याकडे येतं, हे इथे सगळ्यांना पाठ. गंमत अशी की चौऱ्याहत्तर वर्षांच्या माझ्या बाबांनी ऐन पावसाळ्यातली आंबोली पाहिलीच नव्हती. बेळगावला जाताना एसटीच्या खिडकीतून पाहिली असेल तेवढीच. आषाढात शेत आणि नदी सोडून फिरायला कोण जाणार?

या वेळी मीच हट्ट धरला. वहिनीनेही साथ दिली. शनिवारी सकाळी निघण्याआधी बाबा घाटावर जाऊन आले. पाण्याच्या कडेला, शेवटच्या कोरड्या पायरीच्या फटीत, त्यांनी बांबूची एक काठी रोवून ठेवली. मी विचारलं नाही. पावसाळ्यात ते रोजच अशी खूण करतात.

पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी त्यांनी नेहमीसारखे हात जोडले. पुढे बांद्याहून सावंतवाडीला न जाता आम्ही दाणोलीचा रस्ता धरला. मोती तलाव, चितारआळीतली लाकडी खेळणी हे सगळं उन्हाळ्यातही बघता येतं. ओटवण्याकडे झाडांमधून नदी दिसली तेव्हा बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. "ही आपलीच," म्हणाले. न्हयबागला ऐसपैस पसरलेली तेरेखोल इथे खडकांवरून धावत होती. दाणोलीला साटम महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि घाट सुरू झाला.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल इंग्रजांच्या काळात याच वाटेने बेळगावच्या छावणीकडे जायचा. पाच-सहा वळणं झाली आणि कानात दडे बसले, काचांवर वाफ धरली, वहिनीने शाल काढली. खाली घामाने चिकचिक होती आणि इथे जुलैत दात वाजत होते. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे पडतो. आकडा माहीत होता, पण गाडीचं दार उघडल्यावर तो अंगावर पडला.

मोठ्या धबधब्यापाशी शनिवारी सकाळी गर्दी बेताचीच होती. पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं. कणसं भाजणारी बाई आम्हाला बघून म्हणाली, "आज पाणी लय आसा, वर चढू नकात." आम्ही खालीच थांबलो. बाबा कठड्याला धरून उभे राहिले आणि मान वर करून पाहत राहिले. तुषारांनी चष्मा पुसट झाला, तो त्यांनी काढून खिशात ठेवला. तोंडावर पाणी घेत तसेच उभे. दहा मिनिटं तरी झाली असतील. मग म्हणाले, "बाय, हे सगळं आपल्याकडे येतं." दुसरं काही बोलले नाहीत.

एवढा एकच धबधबा बघून, भजी खाऊन लोक परत फिरतात. आमच्या गोव्यातून येणारे तर बहुतेक असेच. मीही दोनदा तशीच परतले होते. यापुढे ज्यांना सांगता येईल त्यांना सांगणार आहे की एक रात्र राहा.

दुपारी गेळ्याच्या कावळेसाद पॉइंटला गेलो. कठड्यापलीकडे दरी आहे हे फक्त आवाजाने कळत होतं, समोर नुसतं पांढरं. मध्येच धुकं फाटलं आणि तळाशी हिरवं कोकण दिसलं, मिनिटभरच. कड्यावरून पडणारं पाणी वारा उलटं वर ढकलत होता आणि ते पावसासारखं आमच्याच अंगावर येत होतं. वहिनीची छत्री तिथेच मोडली. इथे छत्रीचं काम नाही, रेनकोटच हवा. महादेवगडला तर धुक्यापलीकडे काहीच दिसलं नाही, पण बाबांना ते धुकंच आवडलं.

रात्रीचं काय लिहू! निवासाच्या मालकांचा मुलगा, विशीतला असेल, टॉर्च घेऊन आम्हाला फिरवायला आला. बाबा येणार नाहीत असं वाटलं होतं, पण तेच पुढे. पाण्याच्या टाकीवर वाकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटला होता. तो उडत्या बेडकाचा खोपा. पिल्लं त्यातून थेट खालच्या पाण्यात पडतात. बेडूक स्वतः दोन पानं वर बसला होता, पोपटी हिरवा, आणि पाय लांबवला तेव्हा बोटांमधला पडदा केशरी दिसला. जवळच झुडपात एक मलबारी चापडा साप वेटोळं करून होता. मी चार पावलं मागे सरकले, मुलाने मात्र टॉर्च लगेच खाली घेतला. "त्याला झोत सहन होत नाही," म्हणाला.

मग जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, त्याने हळूच एका खळग्याकडे बोट दाखवलं. अंगठ्याच्या दोन पेरांएवढा तपकिरी जीव, अंगावर वाघासारखे पिवळसर पट्टे. हा आंबोली टोड, बेडकाचाच भाऊबंद. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं. जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत तो आहे. पहिल्या पावसात सड्यावर साचलेल्या वीतभर पाण्यात त्याचा सगळा संसार. रात्री रस्त्यावर येतो तेव्हा गाड्यांखाली सापडतो. त्या मुलाने आम्हाला एवढंच सांगितलं, "परत जाताना अंधार झाला तर गाडी सावकाश चालवा." आमच्याकडे पावसाळ्यात बेडूक पकडून खाणारे अजून आहेत, कायद्याने बंदी असूनही. मला त्या खळग्यापाशी त्याची फार लाज वाटली.

आज सकाळी हिरण्यकेशीला गेलो. झाडीतून पाऊलवाट, शेवाळलेले दगड, आणि डोंगराच्या पोटातल्या गुहेतून बाहेर येणारं पाणी. गुहेच्या तोंडाशी महादेवाचं देऊळ, पुढे कुंड. याच पाण्यात एक छोटा सोनेरी मासा राहतो. २०२० साली तो जगाला नवा म्हणून कळला, त्याचं नावच शिस्टुरा हिरण्यकेशी ठेवलं, आणि २०२१ मध्ये सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आम्हाला मासा दिसला नाही. कुंडात पाय घालायचं वहिनीच्या मनात होतं, ते आपोआप राहिलं.

मी बाबांना सांगितलं की हे पाणी आपल्याकडे येत नाही. आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळतं, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. ते देवळाच्या पायरीवर बसले. कालचा धबधबा इथून काही किलोमीटरवरच, पाऊस तोच, ढग तोच. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, थोडं प्यायले, उरलेलं डोक्याला लावलं. "म्हणजे ढगाने दोन घरं सांभाळली," म्हणाले.

बेळगाव रस्त्यावरच्या नांगरतासला अरुंद घळीत कोसळणारं पाणी पाहिलं, पण तिथे फार थांबलो नाही. उतरताना घाटात रविवारची रांग लागली होती. मोठमोठ्याने गाणी लावलेल्या गाड्या, कठड्यावर बाटल्या. एक रुग्णवाहिका खालून येत होती, तिला वाट मिळायला वीस मिनिटं लागली. मला रडू आलं, खरंच.

घरी पोचलो तेव्हा अंधार झाला होता. न्हयबागला दिवसभर पाऊस नव्हता असं शेजारच्या काकी सांगत होत्या. बाबा चहाही न घेता टॉर्च घेऊन घाटावर गेले. मी मागोमाग. भरतीचं पाणी हिरवट असतं आणि पुराचं तांबडं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. टॉर्चच्या उजेडात पाणी तांबडं होतं, पालापाचोळा घेऊन फिरत होतं. काठी रोवलेली पायरी दिसत नव्हती, तिच्यावरच्या दोन पायऱ्याही नाहीत. बाबा वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग हातातली दुसरी काठी त्यांनी वरच्या पायरीच्या फटीत रोवली आणि आम्ही जेवायला घरात आलो.