कोळ्याची बदनामी

जेवण झाल्यावर भाताच्या पोत्याला टेकून पेपर उघडला, तर अग्रलेखावरून एक किडा तुरुतुरु निघाला. नारिंगी अंग, काळं डोकं, पाठीवर निळसर चकाकती कवचं. तीही अर्ध्यावरच संपलेली. गेल्या वर्षीचा शर्ट घातलेल्या पोरासारखं पोट उघडं. चापट मारायला उचललेला हात तसाच वर राहिला.

सातवीत होतो. बेळगावजवळच्या येळ्ळूरचं घर, मागं भाताची शिवारं, ट्यूबखाली अभ्यास. मानेवर काहीतरी वळवळलं, चिरडलं, विसरलो. दोन दिवसांनी लाल पट्टा आणि त्यावर बारीक फोड. आजीनं लांबूनच निकाल दिला, "कोळी मुतलाय." शेजारच्या अक्का म्हणाल्या, "हुळ री, हुळ." कानडीत म्हणजे किडा. त्यांचं कोण ऐकतो? गेरू थापून तांबडी मान घेऊन शाळेत गेलो आणि पुढं वर्षभर दिसेल तो कोळी झाडूनं मारला.

अक्कांचं बरोबर होतं. हा पीडेरस. चावत नाही, मुतत नाही. चिरडला की त्याच्या रक्तातलं पेडेरिन नावाचं विष कातडीला लागतं. तेही त्याचं स्वतःचं नव्हे, अंगातले जिवाणू बनवतात. शेतात हा भातावरचे तुडतुडे खातो, म्हणजे आमच्याच बाजूचा. कुळ स्टॅफिलिनिडी, जाती ६० हजारांच्या वर, त्यातले काही तर मुंग्यांच्या वारुळात बिऱ्हाड करून. आमच्याकडं सगळ्यांना मिळून नाव एकच, किडा. प्सेलाफिडी हे आधी निराळं कुळ होतं, ते १९९५ साली यात विलीन करून टाकलं. विलीनीकरण इतकं बिनबोभाट होतं हे वाचून सीमाभागातल्या माणसाला काय वाटतं, ते जाऊ दे.

फुंकर मारली तर गडी शेपूट वर करून उभा. मग कवचांखालून पंख काढले, अंगाच्या मानानं केवढे तरी मोठे, आणि खिडकीच्या गजावर जाऊन बसला. तिथं पोटानं ढकलत ढकलत ते पंख परत आत कोंबले. नऊवारी पत्र्याच्या ट्रंकेत बसवावी तसे.

"अहो, गणपती तोंडावर आलेत, जळमटं काढा की," आतून आवाज आला.

वर बघितलं. कोपऱ्यात कोळी निवांत बसला होता.

"उद्या बघू," म्हटलं.