कोमल रिषभाखालची रेघ छापील पुस्तकात टिकवताना: माझा अनुभव

अभंग आणि बंदिशींच्या स्वरलिपीचे ६४ पानांचे पुस्तक प्रिंट ऑन डिमांडवर काढायचे होते, म्हणजे मागणी येईल तेवढ्याच प्रती छापायच्या. आत भातखंडे पद्धतीचे लेखन (स्वराखाली आडवी रेघ म्हणजे तो कोमल, वर उभी रेघ म्हणजे तीव्र; वर बिंदू म्हणजे तार म्हणजे वरचे सप्तक, खाली बिंदू म्हणजे मंद्र म्हणजे खालचे), शेवटी चार पाने स्टाफ नोटेशनची, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीची, आणि चिकोडी-अथणीकडच्या कन्नड माध्यमाच्या मुलांसाठी प्रत्येक रचनेचे शीर्षक कन्नडमध्येही. छापणाऱ्या कंपनीकडून पीडीएफ दोनदा परत आली. शेरा दोन्ही वेळा एकच: फॉन्ट एम्बेड नाहीत. तिसऱ्यांदा फाइल पास झाली. ती नेमकी काय केल्यावर, ते लिहितो.

आपण वापरलेल्या अक्षरांची चित्रे पीडीएफच्या पोटातच भरून पाठवणे, याला एम्बेड करणे म्हणतात. ती भरली नाहीत तर छपाईचे यंत्र स्वतःजवळचा फॉन्ट लावते. गोष्टीच्या पुस्तकात असे झाले तर बिघाड लगेच दिसतो. स्वरलिपीत तो दिसेलच असे नाही. भैरवचे स्वर घ्या: सा रे॒ ग म प ध॒ नि सां. बदली आलेल्या फॉन्टात खालची रेघ नसेल तर उरते सा रे ग म प ध नि सां, म्हणजे चक्क बिलावल. पान स्वच्छ दिसते, वाचता येते आणि राग मात्र दुसराच. ज्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्यभर हार्मोनियम शिकवली, तिथल्या मुलांच्या हाती असले पान पडू नये, एवढे मनापासून वाटत होते.

आपल्या भागात ही चूक बराच काळ लपून राहते, कारण डीटीपी करणाऱ्या अनेकांकडे एकच जुना सरंजाम असतो: मराठीला श्रीलिपी, कन्नडला नुडी. या संचांतले जुने फॉन्ट युनिकोडपूर्व काळातले, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक ठरण्याआधीचे. इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर त्यांनी देवनागरी किंवा कन्नड आकार बसवलेले असतात. फाइल शहापूरच्या दुकानात उघडा, टिळकवाडीत उघडा, ठीकच दिसते, कारण दोन्हीकडे तोच फॉन्ट बसवलेला आहे. दूरच्या यंत्रावर गेली की इंग्रजी अक्षरांची खिचडी. म्हणून पहिला निर्णय हा की सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. शब्द कन्व्हर्टरने सुटतात. स्वरांच्या खुणा सुटत नाहीत, त्या हाताने पुन्हा टाइप कराव्या लागतात. निम्मा वेळ यातच जातो.

या खुणांसाठी युनिकोडमध्ये जागा आहेत. कोमलच्या आडव्या रेघेसाठी ०९५२ (वेदपाठातले अनुदात्ताचे चिन्ह), तीव्र मध्यमाच्या उभ्या रेघेसाठी ०९५१, तार सप्तकाला अनुस्वार, मंद्राला नुक्ता (अक्षराखालचा बिंदू). वर-खाली बिंदू देण्यासाठी ०३०७ आणि ०३२३ ही सर्वसाधारण चिन्हेही आहेत, पण बऱ्याच देवनागरी फॉन्टांत ती नसतात. मग प्रोग्रॅम गुपचूप दुसऱ्या फॉन्टातला बिंदू आणतो आणि तो अक्षराच्या बाजूला सरकतो. मी अनुस्वार-नुक्त्यावरच थांबलो.

क्रम चुकला की अक्षराशेजारी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. योग्य क्रम असा: आधी व्यंजन, त्याला चिकटून नुक्ता, मग मात्रा, मग अनुस्वार, सगळ्यात शेवटी ०९५१ किंवा ०९५२. म्हणजे तार कोमल रिषभ लिहिताना र, े, ं आणि मग रेघ: रें॒. मंद्र कोमल निषादासाठी न, नुक्ता, ि, मग रेघ: ऩि॒. रेघ आधी आणि मात्रा नंतर टाइप केली की वर्तुळ आलेच.

फॉन्ट निवडण्याआधी चाचणीचे एक पान करावे. १२ स्वर गुणिले ३ सप्तके, अशी ३६ घरांची सारणी, एकदा १४ पॉइंटमध्ये आणि एकदा ११ मध्ये. डोळ्यांत तेल घालून बघायची घरे तीन. ध़॒ मध्ये बिंदू रेघेत बुडतो का, मं॑ मध्ये बिंदू आणि उभी रेघ एकमेकांवर चढतात का, आणि रें॒ मध्ये बिंदू मात्रेला चिकटून नाहीसा होतो का. याच पानावर बरेच फॉन्ट गळाले. माझे काम आयआयटी मुंबईच्या शोभिकाने झाले. तो मुक्त परवान्याचा आहे आणि वेदपाठाच्या खुणा त्यात आहेत. कन्नड शीर्षकांना नोटो सेरिफ कन्नड. नोटो उतरवून घेताना एक सांभाळावे: झिप फाइलमध्ये व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलमध्ये सगळ्या जाडी असलेला) असतो आणि 'स्टॅटिक' नावाचे फोल्डरही. फोल्डरमधलेच बसवावेत. व्हेरिएबल फॉन्टमधून काही प्रोग्रॅम टाइप ३ प्रकारची अक्षरे पीडीएफमध्ये टाकतात आणि तपासणीत ती अडतात.

मुक्त परवान्याचा आग्रह फुकटासाठी नाही. प्रत्येक फॉन्टच्या आत एम्बेड करू द्यायचे की नाही, याचा एक आकडा नोंदलेला असतो. ० असेल तर मोकळीक, ४ म्हणजे पाहणे आणि छापणे चालेल, २ म्हणजे मनाई. मनाईचा फॉन्ट असेल तर वर्ड अक्षरांची चित्रे करून टाकते आणि ११ पॉइंटच्या कोमल रेघा त्यात फुटतात. तिथे सेटिंगशी झटापट करू नये, फॉन्टच बदलावा.

वर्डमधली आणखी एक फसगत. सेव्हच्या पर्यायांत 'फाइलमध्ये फॉन्ट एम्बेड करा' अशी खूण असते. ती वर्डच्या फाइलपुरती आहे, पीडीएफशी तिचा संबंध नाही. पीडीएफ करताना ऑप्शन्समध्ये जाऊन पीडीएफ/ए हा पीडीएफचा प्रकार निवडावा, त्यात फॉन्ट भरावेच लागतात. मी शेवटी लिबरऑफिस वापरले. वर्ड असो वा लिबरऑफिस, देवनागरीचा फॉन्ट आणि इंग्रजीचा फॉन्ट स्टाईलमध्ये वेगवेगळे नोंदवलेले असतात. त्रितालात १, ५, ९, १३ या मात्रांखाली × २ ० ३ या सम, टाळी आणि खालीच्या खुणा लिहिताना तो × इंग्रजीच्या फॉन्टातून येतो. दोन्ही जागी एकच फॉन्ट ठेवला की परक्या फॉन्टाचा शिरकाव होत नाही. मजकुराची भाषाही मराठी ठेवावी, हिंदी राहिली तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात.

स्टाफ नोटेशन म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये केले. स्वरचिन्हांचा लेलँड फॉन्ट पीडीएफमध्ये आपोआप जातो, त्याची चिंता नको. गाण्याच्या बोलांसाठी मात्र मूळ फॉन्ट एडविन असतो आणि त्यात देवनागरी नाही. फॉरमॅट, स्टाईल, टेक्स्ट स्टाईल्स इथे जाऊन लिरिक्सच्या सम आणि विषम अशा दोन्ही ओळींना शोभिका द्यावा. एकच बदलली तर दुसरे कडवे वेगळ्या अक्षरात येते. ही पाने वर्डमध्ये चित्र म्हणून चिकटवू नयेत. वेगळी पीडीएफ करून शेवटी जोडावी.

आता ज्या चुकीने फाइल दुसऱ्यांदा परत आली ती. सगळे फॉन्ट भरलेले होते, पण दोन पीडीएफ जोडल्यावर पृष्ठांक एका ऑनलाइन साधनाने टाकले होते. त्या साधनाने आकड्यांना हेल्व्हेटिका लावला आणि भरला नाही. हेल्व्हेटिका, टाइम्स, कुरियर अशा १४ मूळ फॉन्टांना ही सूट जुन्या पीडीएफमध्ये होती, कारण ते प्रत्येक यंत्रात असतीलच असे धरलेले असे. छपाईवाले ती सूट मानत नाहीत. पृष्ठांक मूळ फाइलमध्येच टाकावेत, जोडायच्या पानांनाही तिथल्या तिथेच.

तपासणीला दोन मार्ग. अॅक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबून फॉन्ट्सचा भाग उघडावा, प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड सबसेट' किंवा 'एम्बेडेड' हवे. जुन्या आवृत्तीत पाहिलेल्या पानांचेच फॉन्ट यादीत येतात, म्हणून आधी शेवटच्या पानापर्यंत जाऊन यावे. दुसरा मार्ग पॉपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या संचातला पीडीएफफॉन्ट्स हा आदेश. त्यात 'ईएमबी'च्या रकान्यात सगळीकडे 'यस' हवे. नावाआधी सहा इंग्रजी अक्षरे आणि अधिकचे चिन्ह दिसले तर घाबरू नये, लागतील तेवढीच अक्षरे भरल्याची ती खूण आहे. आपण न वापरलेले नाव यादीत दिसले तर त्याचा माग काढावा. माझ्याकडे असे एक नाव एका रिकाम्या परिच्छेदातून आले होते.

घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने प्रीप्रेस (छपाईपूर्व) सेटिंगवर फाइल पुन्हा लिहून घेतली तर राहिलेले फॉन्ट भरले जातात. पण तो फॉन्ट त्याच संगणकावर बसवलेला असला तरच. नसेल तर तोही बदली फॉन्ट लावतो आणि रकान्यात 'यस' दिसते! म्हणून अशी दुरुस्त केलेली फाइल ३६ घरांच्या पानाशी डोळ्यांनी ताडून पाहावी.

अपलोड करण्याआधी पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन जवळच्या झेरॉक्स दुकानात चार पाने काढून घ्यावीत. दुकानात शोभिका नसतो, म्हणून ही परीक्षा खरी. श्रीलिपीच्या फाइलला ती लागू नाही, ते वर आलेच.

बांधणीबद्दल थोडक्यात. गोंदाची बांधणी पेटीपुढे सपाट उघडत नाही, म्हणून आतला समास २० मिलिमीटर ठेवला, आणि दोन पानी रचना डावीकडच्या सम पानावरच सुरू केली, म्हणजे वाजवताना पान उलटावे लागत नाही. तालाच्या विभागरेषा ०.५ पॉइंटपेक्षा बारीक नकोत. पहिल्या पानावर चिन्हांचा खुलासा दिला, कारण पलुसकर पद्धत, म्हणजे दुसरी एक स्वरलिपी, शिकलेला विद्यार्थी वरचा बिंदू मंद्राचा समजतो.

नमुना प्रत आली तेव्हा आधी भैरवचे पान उघडून भिंग लावले. रे॒ आणि ध॒ खालच्या रेघा अखंड होत्या. ध़॒ चा बिंदू मात्र ११ पॉइंटमध्ये रेघेला टेकत होता, म्हणून स्वरांची ओळ १३ पॉइंट केली आणि फाइल पुन्हा पाठवली.