आमची वाटचाल : सिमेंटच्या गोणीपासून चुन्याच्या टाकीपर्यंत

१९९६ साली वडिलांनी ठाण्यात उथळसरला एका गाळ्यात इमारत दुरुस्तीचं काम सुरू केलं. गळती, गिलावा, रंग. सहा माणसं आणि एक हातगाडी. चुना आमच्याकडे यायचा तो फक्त सफेदीपुरता.

२००५ साली चेंदणीतल्या एका जुन्या दुमजली घराची ओल काढायचं काम घेतलं. तळमजल्याचा चुन्याचा गिलावा हाताने निघत होता आणि विटांना पांढरा लोणा, म्हणजे मिठाचा थर, लागला होता. आम्ही सगळं खरवडलं, विटांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या, वरून जाड सिमेंटचा गिलावा दिला. घर झकास दिसलं, मालकांनी पेढे वाटले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांनीच परत बोलावलं. सिमेंट जागच्या जागी होतं, पण ठोकलं तर पोकळ वाजायचं. मागे विटांचा भुगा झाला होता. ओल पार देवळीपर्यंत चढली होती आणि घरातल्या आजींनी देव उचलून खुर्चीवर ठेवले होते. तो अपराध आमचा होता.

जुन्या भिंतीच्या पायात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीत चढणारच. चुना सच्छिद्र असल्याने ते पाणी बाहेर सोडतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि ठाण्यासारख्या खाडीकाठच्या गावात मिठाला काय तोटा! त्या मिठाचे स्फटिक चुन्यात फुगतात, दरज भुसभुशीत होते, वीट मात्र वाचते. दरज पुन्हा भरता येते. सिमेंटने भिंतीचं तोंड बंद केलं की पाणी विटेतून वाट काढतं आणि मीठ विटेच्या पोटात फुगतं. भिंतीत झिजायचं काम चुन्याचं. ते आम्ही विटेच्या माथी मारलं होतं.

मग वडिलांनी वाईकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्यांना आणलं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांनी पहिल्या दिवशी गाळ्यामागे टाकी खणायला लावली. कळीचा, म्हणजे भट्टीत भाजलेला कोरडा चुना पाण्यात पडला की पाणी अक्षरशः उकळायचं, आम्ही लांब उभे राहायचो. विरलेला चुना ते महिनोन् महिने पाण्याखाली ठेवत. नीट न विरलेला खडा गिलाव्यात गेला तर मागाहून फुगून फोड आणतो. रेती ते जिभेवर ठेवून बघत. रेतीबंदरची खाडीची रेती आली की थुंकून गाडी परत पाठवत. गूळ-हिरडा घातला की सगळं जमतं, असं समजून येणारे ग्राहक आजही भेटतात. आमचा अनुभव असा की चुनाच कच्चा असेल तर गूळ काही करत नाही.

आता प्रत्येक कामाआधी जुन्या चुन्याचा तुकडा सौम्य आम्लात टाकतो. चुना फसफसून विरघळतो, खाली रेती आणि सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, राहते. तिचं प्रमाण आणि दाणा बघून नवं मिश्रण ठरतं. बहुतेक वेळा एका चुन्याला दोन-तीन भाग रेती-सुरखी. मिश्रण विटेपेक्षा नरमच हवं. मजबूत करून द्या असा आग्रह झाला तर आम्ही काम सोडतो.

ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला. आज तिथे तुरुंग आहे. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. त्यामुळे त्या काळचं पक्कं बांधकाम दिसलं की सिमेंटची गोणी लांब ठेवायची, हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. आमची कामं मात्र लहान : जुनी घरं, आळीतली देवळं, विहिरींचे कठडे.

धंद्याचं गणित सोपं नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो. जून ते सप्टेंबर बाहेरचं काम बंद, एप्रिल-मेच्या उन्हात तो भराभर सुकू नये म्हणून ओली गोणपाटं लावून दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचं. पावसाळ्यात पगार देण्यासाठी दोनदा कर्ज काढलं. पण गवंडी टिकले. आबांच्या हाताखाली शिकलेले दोघे आजही आमच्याकडे आहेत.

चेंदणीच्या घराचं सिमेंट आम्ही २००९ मध्ये आमच्या खर्चाने उतरवलं, फुटलेल्या विटा बदलल्या आणि चुन्याने काम केलं. देव देवळीत परतले ते आजींनी पाहिलं. गेल्या मार्चमध्ये तिथे तपासणीला गेलो. मोरीजवळच्या दोन दरजा बोटभर झिजल्या होत्या, विटा शाबूत होत्या. घमेलंभर चुना कालवला आणि दुपारच्या चहापर्यंत भरून झालं.