लाइट मागायला आलेला पेशंट

ओपीडी संपता संपता तो आला. चाळिशीचा, फुल बाह्यांचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत. बसायच्या आधीच म्हणाला, "सोरायसिस आहे, माहितीये मला. मलमं लावून कंटाळलो. तुम्ही ते लाइट सुरू करा."

मागणी रास्त होती. पेशंटचा स्वतःचा बोटांसकट तळहात म्हणजे साधारण १ टक्का त्वचा, या हिशेबाने पाठ, कोपर, गुडघे मिळून चट्टे १० टक्क्यांच्या वर सहज जात होते. तिथे नुसतं मलम पुरत नाही. नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण, आठवड्यातून दोन-तीनदा काही महिने दिले की बऱ्याच जणांचे चट्टे छान निवळतात.

संमतीपत्रावर सही करायला त्याने पेन उचललं आणि मी थांबले. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे. मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलेलं, पेनापासून लांब धरलेलं.

"हे कधीपासून?"

"ते होय? लागलं असेल कुठेतरी."

"सकाळी उठल्यावर कसं असतं?"

"तासभर सगळंच आखडलेलं. टाचाही दुखतात. वय झालं आता."

चाळिशीत! पण त्वचेच्या डॉक्टरला टाचेचं कोण सांगतं?

खळग्यांची नखं, सुजलेलं बोट, टाचा: ही लक्षणं सोरायटिक आर्थ्रायटिसची, म्हणजे सोरायसिससोबत येणाऱ्या संधिवाताची वाटत होती. सगळा विचार बदलावा लागला. किरणांनी चट्टे जातात, सांध्यांना त्यांचा उपयोग नाही. आणि सोरायटिक आर्थ्रायटिसने झिजलेला सांधा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. संधिवाताच्या डॉक्टरांनी तपासून निदान पक्कं केलं. यावरची आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी स्वस्त आणि जुनी, पण ती यकृताला जड. त्याचे लिव्हरचे रिपोर्ट आधीच वाढलेले. खोदून विचारल्यावर म्हणाला, "रोज रात्री थोडी होते."

म्हणजे तीही बाद. राहिली बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे प्रतिकारशक्तीतला ठरावीक दुवा रोखणारी औषधं. आम्ही अ‍ॅडालिमुमॅब ठरवलं, त्वचा आणि सांधे दोन्हींसाठी. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त टीबीची तपासणी, कारण हे औषध दबलेला टीबी जागा करू शकतं.

"जन्मभर घ्यायचं?" त्याने विचारलं.

बंद केलं तर आजार बहुधा परत येतो, हे मी स्पष्ट सांगितलं. तो नाराज झाला. विचार करतो म्हणाला, पण टीबीच्या तपासणीचा कागद मात्र घेऊन गेला.

काही महिन्यांनी पाठ जवळजवळ स्वच्छ झाली, बोट पूर्ण मिटतं. टाचेची कुरकुर अजून थोडी आहे.